गादी गेली, पेढी राहिली : ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे

१८३५ साली गंगेकाठी फतेहगड येथे मराठी माणसांची एक मोठी छावणी पडली होती. कनातींनी वेढलेले तंबू, दारावर पहारा आणि आतल्या अंगाला स्त्रियांचा वावर. गादीवर पन्नाशी ओलांडलेली एक विधवा बसलेली असे. अंगावर दागिना जवळजवळ नाही, वस्त्र साधे. पण बोलण्यात आणि नजरेत राज्य केलेल्या माणसाची सवय अजून शाबूत होती. ग्वाल्हेरच्या राज्याचा कारभार सहा वर्षे स्वतःच्या हाताने चालवलेल्या आणि दोन वर्षांपूर्वी त्याच राज्यातून बाहेर पडाव्या लागलेल्या त्या बायजाबाई शिंदे होत्या.

त्यांच्या भेटीस फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज स्त्री आली. तिचा नवरा अलाहाबादेत कंपनीचा जकात अधिकारी होता. गप्पा घोड्यांवर आल्या. इंग्रज स्त्रिया घोड्यावर कशा बसतात हे बायजाबाईंना पाहायचे होते. फॅनीने आपल्या पद्धतीप्रमाणे दोन्ही पाय एकाच अंगाला टाकून घोडा फिरवून दाखवला. छावणीतल्या मराठी बायकांना हसू आवरेना. अशा वाकड्या बैठकीत तोल राहतो तरी कसा, याचेच त्यांना नवल वाटले. मग फॅनीला मराठी पद्धतीचे कासोट्याचे लुगडे नेसवण्यात आले आणि ती पुरुषासारखी मांड टाकून बसली. तिला ती बैठक इतकी सोयीची वाटली की, इंग्लंडच्या बायकांना एकांगी बसायला लावल्याबद्दल तिने मनोमन आपल्या जुन्या एलिझाबेथ राणीलाच दोष दिला. हा प्रसंग तिने १८५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवला.

याच छावणीत दोघींमध्ये आणखी एक बोलणे झाले. इंग्लंडच्या कायद्यात विवाहित स्त्रीचे स्थान काय आणि हिंदू विधवेच्या वाट्याला काय येते, याची त्यांनी एकमेकींशी तुलना केली. लग्न होताच इंग्रज स्त्रीची मालमत्ता नवऱ्याची होते, हे ऐकणाऱ्या बायजाबाईंच्या नावावर त्या वेळी हिंदुस्थानातल्या अनेक शहरांत हुंड्या वटत होत्या.

बायजाबाईंचा जन्म १७८४ सालचा, कोल्हापूरजवळच्या कागलचा. वडील सखाराम घाटगे कागलच्या घराण्यातले; इतिहासात ते सर्जेराव या किताबानेच ओळखले जातात, आणि ती ओळख चांगली नाही. मुलीला लहानपणीच घोड्यावर बसणे, भाला आणि तलवार शिकवली गेली. सरदार घराण्यांत हे अगदी अपूर्व नव्हते. बायजाबाईंच्या बाबतीत मात्र ते शिक्षण आयुष्यभर टिकले.

महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले आणि कोवळ्या वयाचे दौलतराव गादीवर आले. पुण्याच्या राजकारणात त्या वेळी जो तो दुसऱ्याचा पाय ओढत होता. सखाराम घाटगे यांनी हे हेरले. दौलतरावांना त्यांच्या मुलीच्या रूपाची भुरळ पडली होती, आणि घाटग्यांनी लग्नाच्या बदल्यात दिवाणगिरी मागितली. १७९८ च्या आरंभी पुण्यात हे लग्न मोठ्या थाटाने झाले. नवरी चौदा वर्षांची होती.

या लग्नाचा खर्च आणि फौजेचा थकलेला पगार पुण्याच्या माथी बसला. सर्जेरावांनी सावकारांना, कारकुनांना, नाना फडणिसांच्या आप्तेष्टांना धरून पैसा काढायला सुरुवात केली. नानांचे नातलग गंगाधरपंत भानू यांना तापलेल्या तोफेला बांधून ठार मारल्याची हकीकत त्या काळच्या इतिहासात आहे. पुणेकरांनी लुटीच्या आणि जुलमाच्या पुष्कळ कथा पाहिल्या होत्या. पण स्वकीयांच्या फौजेने स्वकीयांच्या राजधानीत मांडलेला हा छळ लोकांच्या स्मरणात वेगळा कोरला गेला.

गोमंतकाशी या प्रकरणाचा एक दुखरा संबंध आहे. महादजींच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर हे मूळचे पेडणे महालातील केरी गावचे. खर्ड्याच्या लढाईत १७९५ साली शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली लढली. त्यांच्याबरोबर कितीतरी शेणवी कुटुंबे शिंदेशाहीत नावारूपाला आली होती. जिवबादादा १७९६ मध्ये वारले. पुढे महादजींच्या विधवा आणि दौलतराव यांच्यात उघड युद्ध पेटले, तेव्हा लखबादादा लाडांसारखे शेणवी सरदार त्या बायांच्या बाजूने उभे राहिले. सर्जेरावांनी या पक्षावर जो सूड उगवला त्यात जिवबादादांचे पुत्र नारायणराव बक्षी सापडले. त्यांना दारूचे बाण बांधून उडवून देण्यात आले. बायजाबाईंच्या चरित्राचा आरंभ असा रक्ताने भिजलेला आहे. त्यात त्यांचा हात नव्हता. मात्र ज्या लग्नाने त्या शिंद्यांच्या घरात आल्या, त्याच लग्नाने हा माणूस दिवाण झाला होता.

१८०३ साली दौलतराव आणि नागपूरकर भोसले इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. २३ सप्टेंबर रोजी असईच्या मैदानावर वेलस्लीने त्यांचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. वेलिंग्टनविरुद्ध बायजाबाई स्वतः घोड्यावरून लढल्या, एका हातात भाला आणि कुशीत तान्हे मूल होते, अशी आख्यायिका आहे. फॅनी पार्क्सच्या कानावरही ती गेली आणि तिने ती टिपून ठेवली. झाशीच्या राणीचे पाठीशी मूल बांधलेले चित्र महाराष्ट्राच्या घराघरांत पोचण्याच्या कितीतरी आधी हे दुसरे चित्र उत्तरेत सांगितले जात होते. लढाईच्या ऐन गर्दीत तान्हे मूल घेऊन भाला फेकणे अवघडच. पण दौलतरावांच्या स्वाऱ्यांत बायजाबाई बरोबर असत आणि त्या पट्टीच्या घोडेस्वार होत्या, एवढे खरे. आख्यायिकेला तेवढी जमीन पुरते.

पराभवानंतर जे तह झाले त्यांत त्यांचे नाव आहे, आणि ही गोष्ट आख्यायिकेपेक्षा अधिक चकित करणारी आहे. नोव्हेंबर १८०५ च्या तहाने ग्वाल्हेरचा किल्ला आणि गोहद शिंद्यांना परत मिळाले. त्याच तहात कंपनीने बायजाबाईंना वर्षाला दोन लाखांची आणि त्यांची मुलगी चिमणाबाई हिला एक लाखाची जहागीर कबूल केली. सर्जेराव घाटग्यांना दरबारात सल्लामसलतीसाठी घेऊ नये, अशीही अट त्याच कागदात होती. एका तहाने मुलीला जहागीर दिली आणि बापाला दार बंद केले. पुढे सर्जेराव परत आले. पण १८०९ साली दरबारातल्या एका झटापटीत त्यांचा अंत झाला.

पुढच्या वर्षापासून दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची स्थिरावली. तंबूंच्या जागी घरे, घरांच्या जागी वाडे उठले, आणि ज्याला लोक अजूनही लष्कर म्हणतात ते शहर उभे राहिले. दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती, त्यांची देवळे, त्यांचे सणवार आणि पुढे त्यांचे गाणे, सगळे याच छावणीच्या मातीत रुजले.

दौलतराव कारभाराला कंटाळत. बायजाबाईंना त्यात रस होता. त्यांचा खरा पिंड सावकाराचा होता, असे म्हटले तरी चालेल. उज्जैनातल्या नाथजी किसनदास आणि नाथजी भगवानदास या पेढ्या त्यांच्या होत्या. काशीसारख्या शहरात त्यांच्या ठेवी होत्या. कंपनी सरकारलाही त्यांच्याकडून मोठी रक्कम कर्जाऊ घ्यावी लागली. माळव्यात त्या काळी पैसा म्हणजे बव्हंशी अफू. या अफूच्या व्यवहारावर कंपनीला आपला मक्ता हवा होता, आणि माळव्याच्या सावकारांना तो चुकवायचा होता. कंपनीची नाकी टाळून हा माल दूरच्या वाटांनी पोर्तुगीजांच्या दमण बंदरात उतरे आणि तिथून मकावमार्गे चीनला जाई. मूळचे गोमंतकीय, मुंबईत व्यापार करणारे रॉजेरिओ द फारिया हे याच दमणच्या व्यापारातले एक मोठे नाव. ग्वाल्हेरच्या राणीची पेढी आणि गोव्याच्या व्यापाऱ्याचे जहाज अशी एकाच साखळीची दोन टोके होती. ती साखळी अफूची होती, हेही विसरता येत नाही.

२१ मार्च १८२७ रोजी दौलतराव वारले. मुलगा नव्हता, आणि त्यांनी दत्तक घेण्याचेही टाळले होते. आपल्या मागे बायजाबाईंनी राज्य पाहावे हीच त्यांची इच्छा होती. कंपनीला मात्र गादीवर पुरुष नाव हवे होते. जूनमध्ये शिंदे कुळाच्या दूरच्या शाखेतील मुकुटराव नावाचा अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. त्याचे नाव जनकोजीराव ठेवले गेले आणि बायजाबाईंनी आपल्या नातीशी त्याचा विवाह लावून दिला. व्यवस्था वरवर पाहता नेटकी होती. तिच्या पोटात एक प्रश्न मात्र तसाच राहिला होता : बायजाबाई या राज्याच्या स्वामिनी होत्या, की मुलगा मोठा होईपर्यंतच्या रखवालदार?

त्यांच्या मनात उत्तराबद्दल शंका नव्हती. पतीने राज्य आपल्या हाती सोपवले, दत्तक आपण घेतला, तेव्हा आपल्या हयातीत अधिकार आपला, ही त्यांची धारणा होती. कागदपत्रांवर त्यांचा शिक्का चाले. मुलगा वाढू लागला तसा कंपनीने त्याच्या शिक्क्याचा आग्रह धरला. आज शिक्क्याची ही भांडणे किरकोळ वाटतील; त्या काळी शिक्का म्हणजेच राज्य होते.

कारभार म्हणून पाहिला तर तो चोख होता. पगार वेळेवर होत, सावकारांची पत राहिली, आणि शिंदेशाहीच्या पदरी सतत अस्वस्थ असणारी फौज पुष्कळ प्रमाणात आवरलेली राहिली. याच काळात काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवर त्यांनी दगडी खांबांचा मंडप उभारला. तो आजही उभा आहे. त्याच शहरात १८३० च्या सुमारास त्यांनी गंगेवर भव्य घाट बांधायला घेतला. त्याचा भार नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीला पेलला नाही आणि बांधकाम खचले. शिंदे घाट म्हणून तो पुढे नव्याने बांधला गेला.

वाढत्या वयाच्या जनकोजीरावांना मात्र वाड्यात कैद्यासारखे वाटू लागले. आपल्या जिवाला धोका आहे अशी तक्रारही त्यांनी केली. डिसेंबर १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक ग्वाल्हेरला आले. दोन्ही बाजूंना त्यांच्याकडून निकाल हवा होता. बेंटिंक यांनी तरुण राजाला सबुरीचा सल्ला दिला, बायजाबाईंचाही मान ठेवला, आणि असे मोघम बोलून गेले की, लाटसाहेब आपल्या बाजूचे आहेत असे दोघांनाही वाटले. सात महिन्यांत त्याचा परिणाम दिसला. जुलै १८३३ मध्ये फौजेचा एक भाग जनकोजीरावांच्या बाजूने उठला. बायजाबाई वाड्यातून निघून रेसिडेंट कॅव्हेंडिश यांच्या आश्रयाला गेल्या. त्यांच्या बाजूची पलटणे अजून लढायला तयार होती. पण कंपनीने जनकोजीरावांना मान्यता दिली आणि विषय संपला.

याच सुमाराची एक गोष्ट ग्वाल्हेरात राहिलेल्या जॉन होप नावाच्या इंग्रज डॉक्टराने पुढे लिहून ठेवली आहे. घरच्या भांडणांना कंटाळलेले महाराज पेन्शन घेऊन राज्य कंपनीला देतील का, असे कलकत्त्याहून कॅव्हेंडिश यांना खासगी पत्राने विचारण्यात आले. कॅव्हेंडिश यांनी त्यात हात घालायला नकार दिला. आग्र्याचा प्रांत मुंबई इलाख्याला जोडण्याची सोन्यासारखी संधी या माणसाने घालवली, असा ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांची बदली झाली. होप हे कंपनीच्या धोरणाचे टीकाकार होते, तेव्हा गोष्टीला थोडे मीठ लागले असेलही. पुढच्या काळात सातारा, नागपूर आणि झाशी ज्या रीतीने खालसा झाली ती पाहता, तिच्यावर विश्वास ठेवायला फारसे जड जात नाही.

ग्वाल्हेर सोडल्यावर बायजाबाई धोलपूरमार्गे आग्र्याला आणि तिथून फतेहगडला गेल्या. दक्षिणेत जाऊन राहावे, असा कंपनीचा हुकूम होता. त्यांनी तो टाळता येईल तितका टाळला. तंबूत हालअपेष्टा सोसल्या, अलाहाबादेत मुक्काम केला, पत्रे पाठवली, वकील पाठवले. राज्यापासून दूर गेलेला माणूस राज्यकर्ता राहत नाही, हे त्या पुरेपूर जाणून होत्या. शेवटी त्यांना नाशिकला जावे लागले. कंपनीकडून नेमणूक मिळाली. गोदावरीच्या काठी ज्ञातीच्या आणि भाषेच्या माणसांत दिवस जाऊ लागले. वरवर पाहणाऱ्याला ही घरवापसी वाटली असती. त्यांच्या लेखी मात्र घर म्हणजे ग्वाल्हेर.

त्या परत गेल्या, हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे आश्चर्य आहे. ज्याच्यासाठी त्यांना बाहेर काढले गेले ते जनकोजीराव फेब्रुवारी १८४३ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या मागे राहिलेली ताराबाई ही अजून लहान मुलगीच होती, आणि तिनेही एक लहान मुलगा दत्तक घेतला, तेच जयाजीराव. दरबारातल्या गोंधळाचे निमित्त करून लॉर्ड एलेनबरो फौज घेऊन आले. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार या दोन ठिकाणी एकाच दिवशी ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला. या साऱ्या उलथापालथीनंतर वृद्ध बायजाबाईंना राज्यात परतण्याची मुभा मिळाली. काही काळ उज्जैनात काढून त्या अखेर ग्वाल्हेरला आल्या. गादी नव्हती, पण पैसा होता. आणि घरातले सर्वांत वडील माणूस म्हणून मान होता.

त्या पैशाचा बोलबाला पार कोकणापर्यंत गेला होता. ग्वाल्हेरच्या बायजाबाई मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यावर लाखो रुपये खर्च होणार, ही वार्ता पेणजवळच्या वरसई गावी पोचली. डोक्यावर कर्ज असलेले विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ च्या आरंभी चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड पेटले. यज्ञाच्या दक्षिणेऐवजी त्यांना झाशीचा वेढा, कत्तल आणि लूट पाहावी लागली. घरी नेता आली ती गंगेची कावड आणि आठवणी. त्या आठवणींचे पुस्तक, माझा प्रवास, १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. सत्तावनच्या धामधुमीची मराठीतली सर्वांत जिवंत हकीकत लिहिली गेली ती मुळात बायजाबाईंच्या यज्ञामुळे, हे पुस्तक वाचलेल्यांच्याही सहसा ध्यानात राहत नाही.

बंडाने त्यांच्यापुढेही एक प्रश्न आणून टाकला. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणी ग्वाल्हेरवर चालून आल्या. जयाजीरावांची फौज शत्रूला जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याकडे पळाले. राजघराण्यातल्या स्त्रिया नरवरला गेल्या. त्यांत बायजाबाई होत्या. ग्वाल्हेर हाती आल्यावर रावसाहेबांनी त्यांना पत्र पाठवले : परत यावे आणि राज्य सांभाळावे. पंचवीस वर्षांपूर्वी इंग्रजांनी जे काढून घेतले ते पेशव्यांच्या नावाने त्यांच्या पायाशी पुन्हा ठेवले जात होते. बायजाबाईंनी ते पत्र सर रॉबर्ट हॅमिल्टन या इंग्रज अधिकाऱ्याकडे पाठवून दिले.

या एका कृतीवरून त्यांना कुणी दूरदर्शी म्हटले आहे, कुणी इंग्रजधार्जिण्या. त्यांच्या जागी बसून पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. असई त्यांनी पाहिली होती, महाराजपूरचा निकाल त्यांना ठाऊक होता. घराण्यातला दत्तक वारस आग्र्यात इंग्रजांच्या हाती होता. राज्य घेऊन ते तीन आठवडेही टिकणार नाही, हे सावकाराच्या डोळ्यांना दिसत असावे. झालेही तसेच. १७ जूनच्या सुमारास राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या आणि २० जूनला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. वयाने जवळजवळ अर्धशतकाचे अंतर असलेल्या या दोन मराठी विधवांचा प्रश्न मुळात एकच होता : पतीच्या मागे, दत्तकाच्या आड, राज्य कोणाचे? दोघींनी त्याची दोन टोकांची उत्तरे दिली. एकीची समाधी ग्वाल्हेरात आहे आणि तिथे माणसांची रीघ असते. दुसरीची आठवण शहराने दप्तरात ठेवली.

बायजाबाई १८६३ साली ग्वाल्हेरला वारल्या. वय ऐंशीच्या घरात होते.

उज्जैनच्या भर बाजारात गोपाळ मंदिर आहे, ते त्यांनी बांधलेले. त्याचे चांदीने मढवलेले दार सोमनाथाचे, गझनीच्या महमुदाने ते नेले, पुढे ते लाहोरला आले आणि महादजी शिंद्यांनी तिथून ते परत मिळवले, असे तिथे सांगतात. ही कथा इतिहासापेक्षा श्रद्धेच्या प्रांतातली. गंमत अशी की, महाराजपूरला शिंद्यांचा पराभव करणाऱ्या लॉर्ड एलेनबरो यांनीही १८४२ साली गझनीहून सोमनाथाची म्हणून चंदनाची दारे वाजतगाजत आणवली होती. तपासल्यावर ती देवदाराची निघाली आणि आग्र्याच्या किल्ल्यात धूळ खात पडली. बायजाबाईंच्या मंदिराचे दार मात्र रोज सकाळी दर्शनासाठी उघडते.